इंग्लिश कंट्री डान्सच्या मूळ आकृत्या शिकायला सुरुवात कुठून करावी?

पावलांची धास्ती सोडा. बरंचसं नुसतं तालात चालणंच असतं. शिकायचं ते कुठे वळायचं. जॉन प्लेफर्ड या इंग्लिश प्रकाशकाच्या १६५१च्या नाचांच्या पुस्तकातले अनेक नाच ठरलेल्या क्रमाने उलगडतात: जोडीदाराचा हात धरून चार पावलं पुढे, चार मागे, मग साइडिंग, म्हणजे जोडीदाराच्या बाजूला खांद्याशी खांदा येईल असं जाऊन परत येणं, मग आर्मिंग, म्हणजे कोपरात कोपर अडकवून फेरी. हे तिन्ही घरी दोघांत घोटता येतात.

खरी गंमत (आणि गोंधळ) 'हे' (hey) नावाच्या आकृतीत. एकाला उजव्या खांद्याकडून ओलांडायचं, पुढच्याला डाव्या. दोरीशिवायचा गोफच म्हणा! ती तीन खुर्च्या मांडून करून बघा.

वर्गात पहिल्यांदा रांगेच्या टोकाला उभे राहू नका. चुकलात तर थांबा, कॉलरची, म्हणजे पुढची आकृती पुकारणाऱ्याची, पुढची हाक ऐका.