शांतता करारात ‘आंतरराष्ट्रीय साहाय्य’ हे कलम नेमकं कसं लिहावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात विधी शाखेच्या चौथ्या वर्षाला आहात, मसुदालेखनाच्या स्पर्धेसाठी एका काल्पनिक देशाचं सरकार आणि तिथला बंडखोर गट यांच्यातला शांतता करार लिहायचा आहे. त्यात ‘आंतरराष्ट्रीय समुदाय या कराराच्या अंमलबजावणीस सर्वतोपरी साहाय्य करील’ हे एक वाक्य टाकलं तर चालेल का?

चालणार नाही. या वाक्यात कर्ताच सापडत नाही. ‘आंतरराष्ट्रीय समुदाय’ नावाचं कुणी सही करायला येत नाही, त्याचं बँकेत खातं नसतं आणि मुदत चुकली तर नोटीस कुणाच्या नावे काढायची तेही कळत नाही. परीक्षक तिथेच बोट ठेवतील.

आधी संमतीचं बघा. करारांच्या कायद्याविषयीचा १९६९ चा व्हिएन्ना करार कलम ३४ आणि ३५ मध्ये सांगतो, की तिसऱ्या राष्ट्रावर त्याच्या संमतीशिवाय बंधन येत नाही आणि ती संमती स्पष्ट व लेखी हवी. भारत या व्हिएन्ना कराराचा पक्ष नाही; पण हा नियम रूढ आंतरराष्ट्रीय कायद्याचाच (राष्ट्रं बंधनकारक मानून पाळत आलेल्या प्रथांचा) भाग आहे, त्यामुळे तो मुद्दा तुमच्यावर उलटणार नाही. शिवाय तुमच्या करारात एक बाजू राष्ट्रच नाही, म्हणजे तो व्हिएन्ना कराराच्या अर्थाने राष्ट्राराष्ट्रांतला तह ठरत नाही. म्हणून मदत करणाऱ्याचं वचन वेगळ्या कागदावर घ्यावं लागतं: संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा ठराव, मदत करणाऱ्या संघटनेबरोबरचा स्वतंत्र करार किंवा निदान त्या सरकारचं स्वीकृतीपत्र. करारावर कुणी ‘साक्षीदार’ म्हणून सही केली, तर तेवढ्याने तो पैसे द्यायला बांधला जात नाही. ही चूक फार जण करतात.

दुसरं, क्रियापद. ‘देईल’, ‘देऊ शकेल’, ‘देण्याचा प्रयत्न करील’ आणि ‘शक्य असेल तेथवर देईल’ या चार गोष्टी वेगळ्या आहेत, आणि वाटाघाटींत रात्र रात्र जाते ती यांच्यावरच. भूसुरुंगबंदीच्या १९९७ च्या ओटावा कराराचं कलम ६ काढून वाचा. मदत मागण्याचा आणि घेण्याचा हक्क प्रत्येक सदस्याला दिला आहे. देण्याचं बंधन मात्र ‘देण्याच्या स्थितीत असलेल्या’ राष्ट्रावर आहे. आपण त्या स्थितीत आहोत की नाही, हे ठरवणार ते राष्ट्र स्वतःच. तरी हे कलम मला कुचकामी वाटत नाही, कारण त्याच्या शेजारी कलम ५ मध्ये सुरुंग काढायला १० वर्षांची मुदत आहे आणि कलम ७ मध्ये अहवाल देण्याचं बंधन आहे. मुदतवाढ मागणाऱ्याला काम का झालं नाही, पैसा आणि साधनं किती होती, हे कागदावर मांडावं लागतं. मदत न मिळाल्याचं त्यातून जगासमोर येतं.

याच्या पुढची पायरी रासायनिक शस्त्रबंदी करारात दिसते. भारतही त्याचा सदस्य आहे. त्याच्या कलम १० नुसार प्रत्येक राष्ट्राला तीनपैकी किमान एक वाट निवडावीच लागते: ऐच्छिक निधीत भर घाला, मदत पुरवण्याचा करार या कराराची अंमलबजावणी पाहणाऱ्या संघटनेशी करा, किंवा करार लागू झाल्यापासून १८० दिवसांत कोणती मदत देऊ शकाल ते जाहीर करा. काहीच न करण्याची सोय ठेवलेली नाही. रासायनिक हल्ल्याची तक्रार आली की त्या संघटनेच्या महासंचालकांनी २४ तासांत चौकशी सुरू करायची, ७२ तासांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर २४ तासांत कार्यकारी परिषदेने बसायचं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पूर आला की नाही यावर तिथे वाद होत नाही. मदतीच्या कलमालाही अशीच खूण लागते: काय घडलं की मदत सुरू होते, आणि ते घडलं हे कोण ठरवतो.

आपल्याकडचंच जुनं उदाहरण हवं असेल तर १७३१ चा वारणेचा तह घ्या. सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांमधली हद्द त्यात नद्या, ठाणी आणि किल्ल्यांची नावं घेऊन आखलेली आहे. परस्पर मदतीचा भाग मात्र एकाच्या वैऱ्याचं पारिपत्य दुसऱ्याने करावं अशा धर्तीचा आहे. फौज किती, किती दिवसांत, खर्च कुणाचा, याचा त्यात हिशेब नाही. हद्द मोजून लिहायची आणि मदत मोघम ठेवायची, ही खोड आजच्या करारांतही तशीच आहे.

आता पैसा. इथे सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून जरा थांबतो. १९७३ च्या व्हिएतनामविषयक पॅरिस कराराच्या कलम २१ मध्ये अमेरिकेने उत्तर व्हिएतनामच्या युद्धोत्तर पुनर्बांधणीला हातभार लावण्याचं मान्य केलं. आकडा करारात नव्हता. तो १ फेब्रुवारी १९७३ च्या अमेरिकी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या पत्रात होता: पाच वर्षांत सुमारे सव्वातीन अब्ज डॉलर. आपापल्या घटनात्मक तरतुदींनुसार अंमलबजावणी होईल, अशी पुस्तीही सोबत होती. अमेरिकेत पैसा मंजूर करते काँग्रेस; तिने तो कधी दिला नाही, आणि उत्तर व्हिएतनामनेच करार मोडला अशी अमेरिकेची भूमिका राहिली. त्यामुळे ‘घटनात्मक तरतुदींनुसार’ हे शब्द दिसले की समजा, वचन देणाऱ्याच्या हातात तिजोरीची किल्ली नाही. तुमच्या मसुद्यात देणाऱ्या देशाचं संसदीय मंजुरीचं पत्र परिशिष्टात जोडा, किंवा पहिला हप्ता सहीच्या दिवशीच जमा झालेला दाखवा.

परिषदेत जाहीर झालेली रक्कम आणि गावात पोचलेली रक्कम यांच्या मध्ये बऱ्याच पायऱ्या असतात: घोषणा, मग देणगीदाराशी करार, मग निधीत भरणा, मग प्रकल्पाला मंजुरी, मग निविदा, आणि शेवटी प्रत्यक्ष खर्च. सुदानचं सरकार आणि दक्षिणेतले बंडखोर यांच्यातला करार जानेवारी २००५ मध्ये झाला, एप्रिलमध्ये ओस्लोच्या परिषदेत साडेचार अब्ज डॉलर जाहीर झाले. जागतिक बँकेकडे दोन निधी सोपवले होते. त्यातून पैसा इतक्या संथ गतीने सुटला की टीकेचा भडिमार झाला. बँकेचे खरेदीचे नियम शांत देशासाठी बनलेले आणि दक्षिण सुदानात धड रस्तेही नव्हते. म्हणून मोठ्या निधीबरोबर पहिल्या सहा महिन्यांसाठी एक छोटा, सुटसुटीत नियमांचा निधी वेगळा लिहा. मोझांबिकच्या १९९२ च्या रोम करारात देणगीदारांच्या परिषदेसाठी ३० दिवसांची मुदत होती. करार ४ ऑक्टोबरचा, परिषद भरली डिसेंबरच्या मध्यावर. तरी तिथली एक गोष्ट घेण्यासारखी आहे: फौजेतून मोकळ्या केलेल्या सैनिकाला सरकारकडून सहा महिन्यांचा पगार आणि त्यापुढे देणगीदारांच्या पैशातून १८ महिने छोटी रोख रक्कम, तीही तो जिथे राहायला गेला त्या जिल्ह्यातच मिळायची. दोन वर्षं घरात थोडा थोडा पैसा येत राहिला की माणूस गावात टिकतो.

शस्त्रांची देखरेख हा साहाय्याचाच भाग आहे, आणि इथे नेपाळचा नोव्हेंबर २००६ चा करार बारकाईने पाहा. माओवादी सैनिक ७ मुख्य आणि २१ उपछावण्यांत. शस्त्रं कंटेनरमध्ये. कंटेनरला एकच कुलूप, आणि त्याची किल्ली खुद्द माओवाद्यांकडे! संयुक्त राष्ट्रांकडे काय होतं? दार उघडलं की वाजणारा भोंगा, नोंद ठेवणारं यंत्र आणि तपासणीचा हक्क. नेपाळी लष्करानेही तेवढीच शस्त्रं त्याच पद्धतीने ठेवायची होती. किल्ली परक्याच्या हाती दिली असती तर माओवाद्यांना ती शरणागती वाटली असती. भोंग्यामुळे दोघांची भीती आटोक्यात राहिली. दुसऱ्या बाजूची चोरून हालचाल आपल्याला कळणारच, एवढी खात्री तिसऱ्याने पुरवली. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते.

त्याच करारात एक मोठी चूकही आहे. भूसुरुंगांची माहिती ३० दिवसांत द्यायची आणि ६० दिवसांत ते काढून टाकायचे, असं त्यात लिहिलं. नेपाळ सुरुंगक्षेत्रमुक्त जाहीर झालं १४ जून २०११ रोजी, म्हणजे साडेचार वर्षांनी. सुरुंग काढणं हे गुडघ्यावर बसून, वीत वीत जमीन तपासण्याचं काम आहे. त्याला प्रशिक्षित माणसं, चिलखती पोशाख, शोधयंत्रं आणि जवळ दवाखाना लागतो. नेपाळी लष्कराने संयुक्त राष्ट्रांकडून प्रशिक्षण आणि साहित्य घेऊन ते पुरं केलं. पण ६० दिवस लिहिताना हे कुठून येणार याचा विचार कलमात नव्हता. शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षण मोहिमेला सुरक्षा परिषदेची मंजुरी मिळाली २३ जानेवारी २००७ ला. मधले दोन महिने भारतीय आणि ब्रिटिश सैन्यातून निवृत्त झालेल्या गोरखा सैनिकांच्या पथकाने ओढून नेले. अशा मधल्या काळाची सोय तुमच्या मसुद्यात हवीच.

मोजणीचं उत्तम कलम इंडोनेशियातल्या आचे प्रांताच्या २००५ च्या हेलसिंकी करारात आहे. बंडखोरांनी ८४० शस्त्रं चार टप्प्यांत ३१ डिसेंबर २००५ पर्यंत द्यायची, युरोपीय संघ आणि आसियान (आग्नेय आशियाई राष्ट्रांची संघटना) देशांच्या पथकाने मोजायची. प्रत्यक्षात १,०१८ आणली गेली, त्यातली १७८ पथकाने नाकारली, आणि बरोबर ८४० धरली. शस्त्र कशाला म्हणायचं हे ठरवणारा कुणी नसता तर त्या १७८ वरच करार अडला असता. हाच साचा धरून तुमचं पोटकलम असं होईल (‘दुसरा पक्ष’ म्हणजे बंडखोर गट):

‘दुसरा पक्ष ६०० शस्त्रे करार लागू झाल्यापासून ३०, ६० व ९० व्या दिवशी, प्रत्येकी २०० याप्रमाणे, परिशिष्ट ४ मधील ठिकाणी देखरेख पथकाकडे जमा करील. एखादे शस्त्र मोजणीत धरावे किंवा कसे, याविषयी पथकप्रमुख ४८ तासांत निर्णय देईल व तो अंतिम राहील. ठरल्या दिवशी पथक हजर नसल्यास तो टप्पा पथक हजर झाल्यापासून १० दिवसांत पुरा करण्यात येईल व विलंब कोणत्याही पक्षाचा करारभंग मानला जाणार नाही.’

शेवटचं वाक्य गाळू नका. मदत उशिरा आली म्हणून बंडखोर गट दोषी ठरला, की लढाई पुन्हा पेटायला तेवढं निमित्त पुरतं.

मदत घेणाऱ्याचीही कामं लिहा. व्हिसा किती दिवसांत, वाहनं आणि वायरलेसला परवानगी कोण देणार, साहित्यावर कस्टम लागणार का, काम संपल्यावर ते कुणाचं. अणुअपघात साहाय्याच्या १९८६ च्या करारात हे सगळं नीट आहे: मदतीचं एकूण नियंत्रण मागणाऱ्या राष्ट्राकडे, मदत फुकट की भरपाईवर ते स्पष्ट, करमाफी आणि साहित्य परत नेण्याची हमीही.

‘हमी’ हा शब्द मात्र जपून वापरा. २९ जुलै १९८७ च्या भारत–श्रीलंका करारात भारताने ठरावांची हमी घेतली आणि मागितल्यास लष्करी मदतही कबूल केली. ज्यांनी ७२ तासांत शस्त्रं खाली ठेवायची होती, त्या तमिळ वाघांची त्यावर सहीच नव्हती. ऑक्टोबरमध्ये लढाई आपल्याच फौजेशी सुरू झाली, मार्च १९९० मध्ये ती परतली तोवर हजाराहून जास्त भारतीय जवान गेले होते. कोल्हापुरात, जिथे गावोगावी घरटी कुणीतरी फौजेत असतं, तिथे या एका शब्दाची किंमत जास्त समजवायला नको. ज्याने शस्त्र ठेवायचं त्याची सही नसेल, तर हमीचं कलम लिहूच नका.

आणि मदत कधी संपणार ते लिहा. बोस्नियाच्या १९९५ च्या डेटन करारात मध्यवर्ती बँकेचा पहिला गव्हर्नर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने नेमायचा, तो बोस्निया किंवा शेजारच्या देशाचा नागरिक नसावा, मुदत सहा वर्षं, इतकं नेमकं आहे. त्या व्यवस्थेचा शेवट आधीच ठरलेला होता. परिशिष्ट १० मधल्या उच्च प्रतिनिधीला (कराराच्या नागरी अंमलबजावणीवर देखरेख करणारा आंतरराष्ट्रीय अधिकारी) मात्र शेवटची तारीखच दिली नाही. पुढे १९९७ मध्ये त्याला निवडून आलेल्या अधिकाऱ्यांना काढण्याचे आणि कायदे लादण्याचे अधिकारही मिळाले, आणि ते कार्यालय तीस वर्षांनंतरही चालू होतं. तुमच्या मसुद्यात मुदत २४ महिने धरा, एकदाच १२ महिन्यांची वाढ, तीही दोन्ही पक्षांच्या लेखी संमतीने.