ईश्वरसाक्ष : शपथ देवाची की देवासमोर?

प्रश्न असा : 'भारत माझा देश आहे' या शाळेतल्या प्रतिज्ञेत देवाचं नाव नाही, मग मंत्री 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' का म्हणतात? आणि ईश्वराऐवजी अल्ला किंवा विठ्ठल म्हटलं तर चालेल का?

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. प्रतिज्ञा पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी 1962 साली तेलुगूत लिहिली. तिच्यातली निष्ठा देशाशी आणि देशबांधवांशी. मंत्र्यांची शपथ येते घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीतून, आणि तिथे दोन पर्याय आहेत : 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' किंवा 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो'. देव न मानणाऱ्यांची सोय दुसऱ्यात. ('दृढकथन' हा शब्द सरकारी कागदाबाहेर कोणाच्या तोंडी ऐकलात तर मला जरूर कळवा.)

खरी गंमत 'ईश्वरसाक्ष'मध्ये आहे. हिंदीत 'ईश्वर की शपथ लेता हूँ', म्हणजे शपथच ईश्वराची. मराठीत ईश्वर फक्त साक्षीदार. 'अग्निसाक्ष लग्न लागलं' म्हणतो त्याच घडणीचा हा समास, म्हणून तो जोडून लिहावा. 'ईश्वर साक्ष' असं तोडू नये. बोलताना आपण 'देवाशप्पथ' म्हणतो, 'ईश्वराशप्पथ' कधीच नाही. पूर्वी तर नुसत्या शब्दावर भागत नसे, बेलभंडारा उचलावा लागे. बेल महादेवाचा, भंडारा खंडोबाचा. मुसलमान कुराण उचले. ज्याचं दैवत त्याच्या हाती.

घटनेला मात्र सगळ्यांना पुरेल असा एक शब्द हवा होता. 'ईश्' धातूचा अर्थ सत्ता चालवणं, त्यावरून ईश्वर म्हणजे धनी, स्वामी. तो कोणा एका दैवताचा नाही हे खरं. पण त्र्यंबकेश्वर, घृष्णेश्वर ऐकत वाढलेल्या कानाला तो अगदी तटस्थही वाटत नाही, असं माझं मत.

नावाचा हा घोळ संविधान सभेतही झाला. 17 ऑक्टोबर 1949 रोजी ह. वि. कामत यांनी उद्देशिका, म्हणजे घटनेची प्रस्तावना, ईश्वराच्या नावाने सुरू करावी अशी दुरुस्ती मांडली. रोहिणीकुमार चौधरी शाक्त, म्हणजे देवीच्या उपासकांच्या, परंपरेचे. ते म्हणाले, मग देवीच्या नावाने का नको? मतदान झालं, 41 विरुद्ध 68 मतांनी दुरुस्ती पडली. शपथेत ईश्वर राहिला, उद्देशिकेत आला नाही.

आता विठ्ठल. केरळमध्ये एका आमदाराने तिथले संत-समाजसुधारक श्रीनारायण गुरू यांच्या नावाने शपथ घेतली होती. ती घटनेच्या नमुन्यात बसत नाही, असं तिथल्या उच्च न्यायालयाने 2003 मध्ये ठरवलं. अल्लाच्या नावाने शपथ घेणारे सदस्य आहेत, आणि माझ्या मते ते चालावं, कारण अल्ला म्हणजे अरबीत ईश्वरच. वारकऱ्यालाही विठ्ठल म्हणजे ईश्वरच, पण हा युक्तिवाद कोर्टात टिकेल याची हमी मी देणार नाही. छापील नमुना जसाच्या तसा म्हणावा, विठ्ठलाचं नाव सही झाल्यावर घ्यावं.