टायरचं नंतर बघू, आधी त्या पत्राची तारीख बघा

"मॅडम, पिकअपला मोठे मड टायर लावले म्हणून इन्शुरन्सवाले क्लेम नाकारू शकतात का?" हा प्रश्न पावसाळा लागला की दरवर्षी येतो, कधी आजऱ्याहून, कधी राधानगरीहून, कधी पार दोडामार्गातून, गाडी वेगळी घाट वेगळा बाकी सगळं तेच. यावेळी चंदगडच्या एका काजूवाल्या भावांचा मेल आलाय, चार पानी, सोबत फोटो, आणि त्यातली साडेतीन पानं टायर किती चांगले होते यावर आहेत. तारखा शेवटच्या अर्ध्या पानात, त्याही विचारल्यावर दिलेल्या.

हकिकत थोडक्यात अशी. पिवळ्या नंबरप्लेटची पिकअप, कंपनीतून आलेले टायर २४५/७० आर१६, बागेत पावसाळ्यात गाडी रुतायची म्हणून ते काढून २६५/७५ आर१६ चे मड टेरेन बसवले. २३ जुलै २०२३ ला तिलारी घाट उतरताना समोरच्या गाडीला साइड द्यायला कडेला घेतली, साइडपट्टी खचली आणि गाडी कलंडली. माणसं सुखरूप, गाडीचं नुकसान, दुरुस्तीला ३ लाख ८० हजार गेले तेही उसने काढून. विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन गेला, आणि १२ ऑक्टोबर २०२३ ला ईमेल आला की वाहनात अनधिकृत बदल केलेला असल्याने क्लेम देय नाही. तिथून पुढे भाऊ कंपनीला मेल पाठवत राहिले, एका मागून एक, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीचं शेवटचं उत्तर आलं, आम्ही आमच्या निर्णयावर कायम आहोत. आता ते विचारतायत की या शेवटच्या उत्तरावर केस करता येईल ना.

नाही. म्हणजे केस करता येईल, पण मुदत त्या उत्तरापासून मोजली जाणार नाही, आणि तुमच्या अख्ख्या मेलमधली हीच एक गोष्ट तुमचं प्रकरण जगवणार की मारणार ते ठरवतेय.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे. क्लेम नाकारल्याचं पहिलं पत्र तुम्हाला मिळालं तेव्हा कारण घडलं असं साधारणपणे धरतात. नंतर तुम्ही वीस मेल केले आणि त्यांनी वीस वेळा तेच उत्तर दिलं तरी घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही. लोकांना हे पटतच नाही, त्यांना वाटतं बोलणी चालू आहेत तोवर वेळ थांबलेला असतो. थांबलेला नसतो. आणि समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी ग्राहक आयोगाला (जिथे तक्रार करायची ते ग्राहक न्यायालय) तो स्वतःहून बघावाच लागतो, स्टेट बँक विरुद्ध बी. एस. ॲग्रिकल्चर इंडस्ट्रीज या २००९ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट सांगितलंय, कायदा तेव्हा जुना होता पण मुदतीचं कलम तसंच पुढे आलंय.

मग तुमची तारीख कुठली? १२ ऑक्टोबर २०२५. कॅलेंडर काढून बघितलं तर तो रविवार आहे आणि आदला दिवस दुसरा शनिवार. शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर पुढचा कामाचा दिवस मिळतो असा नियम आहे खरा, पण त्याच्या भरवशावर राहू नका, शुक्रवार १० ऑक्टोबर ही तुमची शेवटची तारीख समजा आणि खरं सांगायचं तर सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच काम उरकून टाका. आज २० ऑगस्ट २०२५. पुढच्या आठवड्यात गणपती बसतायत, चंदगडात दहा दिवस कोण कुणाला भेटणार, मग पितृपक्ष, मग नवरात्र दसरा. पन्नास दिवस कागदावर आहेत, हातात त्यातले निम्मे.

आता यातली एक अडचण जी तुमच्या गावातल्या कुणी सांगितली नसेल. कंदिमल्ला राघवय्या म्हणून २००९ चाच एक सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, गोदामाला आग लागली होती, त्यात मुदत आग लागली त्या दिवसापासून मोजली गेली. त्या प्रकरणाची तथ्यं वेगळी होती, तिथे क्लेम मागायलाच काही वर्षं लावली होती, तुमचा क्लेम वेळेत गेलेला आहे, तरी समोरचा वकील हा निकाल घेऊन उभा राहू शकतो आणि म्हणेल की अपघात २३ जुलै २०२३ चा, दोन वर्षं गेल्या महिन्यातच संपली. मला वाटतं हा मुद्दा टिकणार नाही, पण वाटण्यावर ३ लाख ८० हजार सोडायचे नसतात. म्हणून मूळ तक्रारीसोबतच कलम ६९ खालचा विलंब माफीचा अर्ज जोडा, "मुदतीत आहे असं आमचं म्हणणं आहे, पण आयोगाला उशीर वाटलाच तर तो माफ करावा" एवढ्या अर्थाचा, आणि त्यात कंपनीशी केलेला सगळा पत्रव्यवहार तारखांसह लावा. ते मेल मुदत वाढवणार नाहीत, पण तुम्ही गप्प बसला नव्हता हे दाखवायला तिथे त्यांचा उपयोग होईल.

माझ्याकडे मागे एक शेतकरी आले होते, ट्रॅक्टरचा क्लेम, कागद एकदम चोख, बाजू माझ्या मते जिंकण्यासारखी, आणि दोन वर्षं उलटून चार महिने झालेले. का, तर एजंट म्हणत होता साहेबांशी बोललोय होऊन जाईल. विलंब माफीचा अर्ज केला, फेटाळला गेला, प्रकरण आत काय आहे ते कुणी वाचलंच नाही. तो माणूस माझ्यासमोर बसून तीनतीनदा विचारत होता की पण माझी चूक काय. म्हणून तुमच्या तारखा वाचून मला आधी राग आला आणि मग जरा हायसं वाटलं, कारण तुम्ही अजून मुदतीच्या अलीकडे आहात.

विमा लोकपालाकडे का नाही जायचं असं तुम्ही विचारलंय. कारण तिथली मुदत कंपनीने नकार कळवल्यापासून एक वर्ष, ती गेली. तिथे फी नाही, वकील लागत नाही, वेळेत गेला असता तर कदाचित एवढ्यात निकाल हातात असता. जाऊ द्या.

आता टायर. तुमची साडेतीन पानं मी वाचली. आरसीवर टायरचं माप छापलेलं नाही म्हणून बदल बेकायदेशीर नाही, हा तुमचा मुख्य मुद्दा, आणि मी सांगते की तो तक्रारीत घालूच नका. पिवळ्या प्लेटच्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्याचं कलम ५८ लागतं, त्यात नोंदणी करताना प्रत्येक चाकाच्या टायरची संख्या, प्रकार आणि माप नोंदवायचं असं आहे, कारण गाडीचं एकूण वजन किती धरायचं ते टायरवरूनही ठरतं. स्मार्ट कार्डवर छापलं नाही म्हणजे आरटीओच्या नोंदीत नाही असं होत नाही. त्यात जानेवारी २०१९ चा के. जयचंद्र प्रकरणातला सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, उत्पादकाने जे मूळ स्पेसिफिकेशन दिलंय त्याच्या विरुद्ध बदल करता येत नाही, कलम ५२ चा अर्थ तोच. वर त्याच कायद्याच्या कलम १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. तुम्ही स्वतःहून हे युद्ध उकरून काढलंत तर हरायची शक्यताच जास्त, आणि ते जिंकायची गरजही नाहीये. (पांढऱ्या प्लेटवाल्यांचं गणित थोडं वेगळं पडू शकतं, त्यांनी हे वाचून आपापल्या गाडीवर निर्णय घेऊ नये.)

कारण प्रश्न टायर नियमात होते का हा नाहीच, टायरमुळे अपघात झाला का हा आहे. तुमच्याकडे पोलिसांचा पंचनामा आहे, त्यात "साइडपट्टी खचून" असे शब्द आहेत असं तुम्ही लिहिलंय, आणि हे तुम्ही चौथ्या पानावर कोपऱ्यात लिहिलंय! अहो तीच तुमची केस आहे. कंपनीचे मूळ टायर असते तरी ती साइडपट्टी खचलीच असती. पॉलिसीची अट मोडली असं कंपनी म्हणत असेल तर ते दाखवायची जबाबदारी कंपनीवर, आणि नकाराच्या मेलमध्ये त्यांनी पॉलिसीतल्या कुठल्या कलमाचा भंग हेसुद्धा लिहिलेलं नाही. शिवाय नकाराच्या पत्रात जे कारण दिलं त्याच्या बाहेरचं नवं कारण कंपनीला नंतर काढता येत नाही, सुप्रीम कोर्टाचा सौराष्ट्र केमिकल्सचा निकाल, २०१९. म्हणजे उद्या लायसन्स, ओव्हरलोड असलं काही काढलं तर त्याला तिथेच अडवता येईल. त्या पहिल्या मेलची प्रिंट जपून ठेवा, हेडरसकट, तारीख वेळ दिसेल अशी.

समोरून काय येईल तेही ऐकून ठेवा. तुमचा मूळ टायर साधारण ७४९ मिलिमीटर उंच, नवा ८०४ च्या आसपास, म्हणजे सात टक्के मोठा. काट्यावर ६० दिसतंय तेव्हा गाडी ६४ ने पळतेय, सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी वर गेलीय, ब्रेकवर ताण जास्त, असं सगळं ते मांडू शकतात. सर्व्हेअरने यातलं काही रिपोर्टात लिहिलंय का ते मला माहीत नाही कारण तुम्ही दोन वर्षांत तो रिपोर्ट मागितलाच नाही. आजच्या आज ईमेलने मागा, रिपोर्ट आणि अटींसकट संपूर्ण पॉलिसी, दोन्ही. आले तर बरं, नाही आले तर त्यांच्यासाठी थांबायचं नाही, मागूनही दिले नाहीत हे तक्रारीत लिहायचं. रिपोर्टात फक्त "टायरचा आकार वेगळा" एवढंच असेल आणि अपघाताच्या कारणाशी त्याचा संबंध जोडला नसेल तर तुमची बाजू बरीच मजबूत होते, जोडला असेल तर लढावं लागेल, त्याबद्दल आत्ता काही सांगू शकत नाही.

पूर्ण रक्कम मिळेलच असं धरून चालू नका. अमलेंदू साहू, २०१०, त्यात गाडी नियमाबाहेर भाड्याने वापरली होती, तरी सुप्रीम कोर्टाने क्लेम सरसकट नाकारू दिला नाही, नॉन स्टँडर्ड धरून, म्हणजे अट मोडलेली असली तरी क्लेम पूर्ण न नाकारता काही कपात करून, एकरकमी भरपाई द्यायला लावली. अशा क्लेमला ७५ टक्क्यांपर्यंत द्यायची मार्गदर्शक तत्त्वं त्यात आधाराला घेतली होती. तुमच्या प्रकरणात आयोग त्या वाटेने गेला तर घसारा वगैरे वजा जाऊन जी रक्कम मंजूर होईल तिचे फार तर ७५ टक्के. मागणी पूर्ण करा, पर्यायी मागणी म्हणून हेही लिहून ठेवा.

दोन गोष्टी ज्यांच्यामुळे मेल वाचताना हात कपाळाला गेला. एक, ते अपघातग्रस्त टायर तुम्ही जुन्या टायरवाल्याला विकले. नक्षी शाबूत असलेले जेमतेम सात महिन्यांचे टायर हा तुमचा पुरावा होता. आता निदान फोटोंत नक्षी दिसते ते वेगळे काढा आणि ज्या दुकानातून घेतले त्याच्याकडून पक्कं जीएसटीचं बिल मिळतंय का बघा, कच्च्या चिठ्ठीवर काही होत नाही. दुसरी जास्त वाईट. नोव्हेंबर २०२३ च्या मेलमध्ये तुम्ही कंपनीला स्वतःच लिहून दिलंय की पासिंगच्या दिवशी ओरिजनल टायर लावून नेली होती. सगळेच तसं करतात हे मला माहीत आहे, पण आता ते तुमच्या हातचं लेखी आहे, तेव्हा प्रतिज्ञापत्रात त्याच्या उलट एक अक्षर लिहू नका. विचारलं तर खरं सांगा. आणि कुणी एजंट म्हणाला की आरटीओत मागच्या तारखेने बदलाची नोंद करून देतो तर त्याला दारातूनच परत पाठवा, त्यात साधा नाकारलेला क्लेम फौजदारी होईल.

तक्रार कोल्हापूरच्या जिल्हा आयोगातच करा. अपघात दोडामार्ग हद्दीत, कंपनीचं ऑफिस मुंबईत, तरी नव्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथे दाखल करता येते. ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन होते, आणि फी भरलेल्या मोबदल्यावर म्हणजे इथे हप्त्यावर ठरते, पाच लाखांपर्यंत शून्य, तेव्हा खर्चाच्या भीतीने थांबायचं कारण नाही. गाडी धंद्याची म्हणून तुम्ही ग्राहकच नाही असं कंपनी म्हणेल, त्याला सुप्रीम कोर्टाचा हरसोलिया मोटर्सचा एप्रिल २०२३ चा निकाल उत्तर आहे, विमा नुकसानभरपाईसाठी घेतात, नफ्यासाठी नाही.

किती दिवस लागतील विचारलंत. कायद्यात तीन महिने लिहिलंय. कंपनीला उत्तराला ३० आणि फार तर वरचे १५ दिवस, त्यापुढे एक दिवस नाही असं सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी २०२० मध्ये ठरवलं, त्यामुळे तेवढा टप्पा तरी आता हलतो. त्यापुढे मात्र तारखाच तारखा, कधी सदस्य नाहीत, कधी अध्यक्षांची जागा रिकामी, आणि तीन महिन्यांच्या कामाला दोन तीन वर्षं सहज जातात. माणूस उसने पैसे घेऊन गाडी दुरुस्त करतो, व्याज महिन्याला चढतं, आणि आयोगात बसायला माणूस नाही म्हणून पुढची तारीख, याची चीड मला इतक्या वर्षांत कमी झालेली नाही. म्हणून मागणीत १२ ऑक्टोबर २०२३ पासूनचं व्याज विसरू नका.

गणपती बसायच्या आत एवढं करा. पंचनाम्याची सही शिक्क्याची प्रत दोडामार्ग पोलिसांकडून, दुरुस्तीची बिलं आणि पैसे दिल्याचे पुरावे, उसने घेतले त्याची काही नोंद असेल तर ती, नकाराचा पहिला मेल, आणि तुमचा सगळा पत्रव्यवहार तारीखवार लावून एका फाइलीत. ती फाइल घेऊन चंदगड किंवा गडहिंग्लजच्या कुठल्याही ग्राहक केसेस करणाऱ्या वकिलाकडे बसा, आणि त्यांना बसल्या बसल्या पहिलं वाक्य हेच सांगा की नकार १२ ऑक्टोबर २०२३ चा आहे.