संग्रहालयाचे नियामक मंडळ नेमके करते काय?

संचालक आहेत, अभिरक्षक (क्युरेटर) आहेत, वर सरकारचे खाते आहे. मग सार्वजनिक संग्रहालयाला निराळे नियामक मंडळ कशासाठी, आणि ते वर्षातून दोन-तीनदा चहापानाला जमण्यापलीकडे काय करते, असा आपला प्रश्न आहे. अशा एका मंडळाच्या बैठकांना मी काही वर्षे तज्ज्ञ सदस्य या नात्याने बसलो आहे, त्यामुळे चहापानाचा टोमणा मी निमूटपणे मान्य करतो. पहिल्या भागाचे उत्तर मात्र थोडे सविस्तर द्यावे लागेल.

त्यासाठी हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयाचा इतिहास पाहावा. निजामाच्या दिवाणांच्या घराण्यातील तिसरे सालारजंग, नवाब मीर युसूफ अली खान, १९४९ साली अविवाहित वारले आणि तीन पिढ्यांनी जमवलेला प्रचंड संग्रह थेट वारसाविना राहिला. त्यांच्या मालमत्तेच्या व्यवस्थेसाठी नेमलेल्या समितीच्या देखरेखीखाली दिवाण देवडी या त्यांच्याच वाड्यात संग्रहालय मांडले गेले आणि १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ते खुले झाले. पण वस्तू नक्की कोणाच्या, हा प्रश्न तसाच होता. नातेवाइकांचे हक्क आणि सरकारची भूमिका यांचा मेळ १९५८ साली उच्च न्यायालयामार्फत झालेल्या तडजोडीत बसला व संग्रह भारत सरकारकडे आला. त्यानंतर १९६१ साली संसदेने स्वतंत्र कायदा करून त्याला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवले आणि कारभार एका मंडळाकडे सोपवला. मुसी नदीच्या दक्षिण काठावरची आजची इमारत १९६८ची, म्हणजे मंडळ आधी आले आणि वास्तू नंतर.

या मंडळात ११ सदस्य असतात. राज्यपाल पदसिद्ध अध्यक्ष (पूर्वी आंध्र प्रदेशचे, आता तेलंगणाचे). शिवाय केंद्र सरकार, राज्य सरकार व उस्मानिया विद्यापीठ यांचे प्रतिनिधी आणि सालारजंग घराण्यातील एक व्यक्ती. माझ्या वाचनाप्रमाणे यातली प्रत्येक खुर्ची एकेका धोक्यावर तोडगा म्हणून ठेवलेली आहे. पैसा केंद्राचा असला तरी संग्रह हैदराबादचा आहे, म्हणून राज्याला जागा. वस्तू नुसत्या शोभेच्या होऊन बसू नयेत, म्हणून विद्यापीठाला. आणि हक्क सोडलेल्या घराण्याला निदान आपल्या पूर्वजांच्या संग्रहाचे काय चालले आहे हे विचारता यावे, म्हणून एक जागा त्यांना. अध्यक्षपद मंत्र्याकडे न देता राज्यपालांकडे दिल्याने ते रोजच्या राजकारणापासून थोडे दूर राहते, मात्र बैठकीची तारीख राजभवनाच्या सवडीने ठरते, ही त्याची किंमत.

असे मंडळ सर्वत्र असतेच असे नाही. दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय हे संस्कृती मंत्रालयाचे दुय्यम कार्यालय म्हणून चालते. उलट मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९०९च्या मुंबई प्रांताच्या कायद्यानुसार विश्वस्त मंडळाकडे आहे आणि सरकारी खाते ते चालवत नाही. म्हणून एखाद्या संग्रहालयाबद्दल बोलताना पाटीवरच्या नावापेक्षा त्याचा कायदा किंवा न्यासपत्र आधी वाचावे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. दालनातील मांडणी, पाट्या, कर्मचाऱ्यांच्या पाळ्या हे संचालकांचे काम असून त्यात मंडळाने लक्ष घातले की दोघांचेही काम बिघडते. मंडळाने ठरवायचे ते असे की, काय घ्यायचे आणि काय नाकारायचे, कोणती वस्तू बाहेरच्या प्रदर्शनाला कोणत्या अटींवर द्यायची, आणि एखादी वस्तू संग्रहातून काढायची वेळ आली तर ती कोणाच्या सहीने व कोणती कारणे नोंदवून काढायची. या शेवटच्या मुद्द्याला मी सर्वाधिक महत्त्व देतो, कारण संचालक बदलतात, सरकारे बदलतात, आणि एखाद्या वजनदार पाहुण्याला भेट म्हणून काहीतरी द्यावे असा मोह कोणालाही होऊ शकतो. तेव्हा नकाराचा ठराव लेखी असलेला बरा.

हे सारे अवलंबून असते ते दाखल नोंदवहीवर, म्हणजे संग्रहात आलेली प्रत्येक वस्तू क्रमांकासह जिच्यात नोंदवतात त्या वहीवर. मी ज्या मंडळावर होतो तेथे माझ्या पहिल्या दोन बैठकांच्या कार्यसूचीवर हिरवळ, उपाहारगृहाचे कंत्राट आणि उद्‌घाटनाच्या पत्रिकेवर नावे कोणत्या क्रमाने छापायची हे विषय होते. नोंदीतल्या वस्तू जागेवर आहेत का याची शेवटची प्रत्यक्ष पडताळणी कधी झाली, हे मी विचारल्यावर कोणालाच सांगता येईना. पुढे पडताळणी सुरू झाली तेव्हा काही वस्तूंवर क्रमांकच नव्हते आणि काही क्रमांक दोन-दोन वस्तूंवर होते. चोरी झालेली नव्हती, पण झाली असती तरी आम्हाला कळले नसते, आणि लेखापरीक्षकांनी पैशाचा हिशेब दरवर्षी चोख तपासला असूनही ते कळले नसते.

आपल्याला अशा मंडळावर येण्याचे निमंत्रण आले आहे असे आपण लिहिले आहे. ते स्वीकारण्यापूर्वी मागील तीन वर्षांची इतिवृत्ते आणि पडताळणीचा शेवटचा अहवाल मागून घ्या. अहवाल मिळाला नाही, तर पहिल्या बैठकीच्या कार्यसूचीवर तोच विषय घालायला सांगा.