शतांश सेकंदाने हुकलेली निवड

"मॅडम, हिचं धावणं बंद करू का?" निवड चाचणीत थोडक्यात मागे राहिलेल्या मुलांचे आईवडील समुपदेशनासाठी माझ्याकडे आले की हे हमखास विचारतात. ही मुलगी बारावीतली, 400 मीटर धावणारी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) राज्य संघातली जागा शतांश सेकंदांनी गेली. तेव्हापासून सराव बंद, जेवण कमी, रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर त्याच शर्यतीचा व्हिडिओ. "झालं ते बरंच झालं, आता अभ्यासाला लाग," हे बाबांचं वाक्य तिला हरण्यापेक्षा जास्त लागलं होतं.

पहिल्या भेटीत मी समजूत घातली नाही. पूर्ण शर्यत तिच्याकडून ऐकली. शेवटी म्हणाली, "पी. टी. उषांसारखं झालं माझं. संपलं."

उषांची गोष्ट तिला 1984 पर्यंतच माहीत होती. लॉस एंजेलिसला 400 मीटर अडथळा शर्यतीत त्यांची वेळ 55.42 सेकंद, कांस्यपदक 55.41 ला गेलं. ऑलिंपिक पदक त्यांना पुढेही मिळालं नाही; हे मी तिला स्पष्ट सांगितलं, कारण खोट्या दिलाशाने मुलं आणखी एकटी पडतात. पण 1985 ला जकार्तातल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी पाच सुवर्णपदकं जिंकली, 1986 च्या सोल एशियाडमध्ये चार. मला मात्र 1988 जास्त महत्त्वाचं वाटतं. इतकं जिंकूनही टाचेच्या दुखण्यामुळे उषा त्या वर्षीच्या ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीतच बाहेर पडल्या. पुढे निवृत्ती, लग्न, मूल, आणि तरीही 1998 ला जपानमधल्या फुकुओकातल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, पुन्हा पदकं.

ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "मधल्या वर्षांत त्यांनी काय केलं असेल?" तिथून आमचं खरं बोलणं सुरू झालं.

आईबाबांना सांगितलं: महिनाभर खेळाबद्दल कुठलाच निर्णय नको, "बरंच झालं" तर मुळीच नको. झोप आणि जेवणाकडे लक्ष ठेवा. "जगून काय उपयोग" असं काही बोलली, तर वाट न पाहता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. व्हिडिओ प्रशिक्षकांसोबत एकदा बघायचा, चुका लिहून काढायच्या आणि मग बंद.

महिन्यानंतर तिघांनी मिळून ठरवलं: सराव फक्त सकाळी, संध्याकाळ बारावीची. पुढच्या वर्षी निवड होईल का, असं आईंनी जाताना विचारलं. ते मी सांगू शकत नाही, असंच त्यांना म्हणाले.