नेहमीची रक्ततपासणी आणि ‘फंक्शनल’ तपासणी यांत फरक काय?

रक्त तेच, बऱ्याचदा यंत्रही तेच. फरक आकडा वाचण्यात. नेहमीच्या रिपोर्टवरची ‘नॉर्मल’ मर्यादा म्हणजे साधारणपणे निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे. ‘फंक्शनल मेडिसिन’वाले (आजाराचं मूळ कारण शोधतो असं म्हणणारे) त्याहून अरुंद ‘ऑप्टिमल’ पट्टा धरतात. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) ३.५ आला, तर नेहमीचे डॉक्टर सहसा ठीक म्हणतील, फंक्शनलवाले थायरॉइड मंद म्हणतील. या अरुंद पट्ट्यांना भक्कम पुरावा क्वचितच असतो.

शिवाय एकदम वीस स्वतंत्र चाचण्या केल्या, तर धडधाकट माणसाचाही एखादा आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के! चाचण्या वाढवल्या की ‘दोष’ सापडणारच. कोणतं अन्न सोसत नाही हे शोधायला म्हणून करतात त्या आयजीजी (रक्तातलं एक प्रतिपिंड) चाचणीवर तर पैसे घालवूच नका. तुम्ही काय खाता एवढंच ती सांगते. थकवा असेल तर आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, टीएसएच, साखर बघा.