माळ्यावर सापडलेली लक्ष्मी

प्रश्न: ताई, आजोळचं घर पाडताना माळ्यावर लक्ष्मीची जुनी फ्रेम सापडली, खाली बारीक अक्षरात रवि वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा असं छापलंय. मामा म्हणतो लाखात जाईल. खरंच का? आणि काच पुसून देव्हाऱ्यात लावू का?

उत्तर: मामांना आधी चहा द्या आणि शांत बसवा! हे हाताने काढलेलं पेंटिंग नाहीये, छापील चित्र आहे, ओलिओग्राफ म्हणतात त्याला. राजा रवि वर्मांनी 1894 साली मुंबईत प्रेस काढला, मग तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, पुढे एका जर्मन माणसाला विकला आणि 1906 ला रवि वर्मा गेल्यावरही छपाई चालूच होती, त्यामुळे नुसत्या नावावरून वय कळत नाही. भिंग घेऊन बघा, एकसारखे ठिपके रांगेत दिसले तर अलीकडची ऑफसेट कॉपी, आणि वेडेवाकडे रवाळ कण दिसले तर दगडावरची जुनी छपाई, त्यात प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागायचा. साडीवर जरी, टिकल्या चिकटवल्या असतील तर हात लावू नका, कोणा आजीने हौसेने केलं असेल, जुनी चित्रं जमवणाऱ्यांना तेच जास्त आवडतं (मलाही).

ओलं फडकं अजिबात नको. मागचा प्लायवूड काढून अ‍ॅसिड-फ्री बोर्ड (आम्ल नसलेला पुठ्ठा) घालून घ्या, कसर लागलीये का बघा. देव्हाऱ्यात नको, धूर आणि तेल लागतं. हॉलमध्ये लावा, फक्त ऊन येत नाही अशा भिंतीवर.